बर्फातलं विल्यम्सबर्ग आणि हातची शिलाई

अमेरिकेला लेकीकडे, मुलाकडे राहून आलेल्या आपल्या मैत्रिणी परतल्या की काय काय सांगतात? नायगारा सांगतात, न्यूयॉर्कच्या उंच इमारती सांगतात, आणि डॉलरचे रुपये केले की घशाखाली न उतरणारी कॉफी सांगतात. व्हर्जिनिया राज्यातलं विल्यम्सबर्ग त्यांच्या यादीत सहसा नसतं. असलंच तर मे महिन्यातलं, फुलाझाडांचं. मी तुम्हाला जानेवारीतलं विल्यम्सबर्ग सांगणार आहे, तेही जन्मभर शिवणक्लास चालवलेल्या बाईच्या नजरेनं. तेव्हा मध्येमध्ये घेर, कळ्या आणि अस्तर येणारच, त्याला इलाज नाही!

आधी गावाची थोडी ओळख. अमेरिकेत इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा व्हर्जिनिया ही त्यांची मोठी वसाहत, आणि १६९९ ते १७८० पर्यंत तिची राजधानी विल्यम्सबर्ग. पुढे राजधानी रिचमंडला हलली आणि हे गाव मागे पडलं, विसरलं गेलं. त्यामुळेच ते वाचलंही म्हणा. १९२६ साली तिथल्या चर्चचे धर्मगुरू गुडविन यांनी धाकट्या रॉकफेलरसाहेबांना गळ घातली आणि गाव पुन्हा जुन्या रूपात उभं करायला सुरुवात झाली. ८८ मूळ इमारती दुरुस्त केल्या, बाकीच्या जुन्या पायांवर नव्यानं बांधल्या. मुख्य रस्ता मैलभर लांब, त्यावर मोटारींना बंदी. दोन्ही बाजूंना लोहार, विणकर, शिंपी, छापखाना, टोपांचं दुकान; आणि आत त्या काळचे कपडे घातलेली माणसं खरोखरीची कामं करताना दिसतात. नुसता देखावा नाही, बरं का! लोहार खिळे घडवतो ते तिथल्याच बांधकामाला लागतात.

माझी भाची वॉशिंग्टनजवळ राहते. तिची मुलगी चौथीत. त्या राज्यात चौथीला आपल्या राज्याचा इतिहास असतो – आपल्याकडे चौथीला शिवाजीमहाराज असतात ना, तसंच. आमच्या छोटीला विल्यम्सबर्गला जायचं होतं आणि तेही ‘त्या मुलींसारखे’ कपडे घालून. बाजारात तयार पोशाख मिळतात, पण ते चकचकीत नायलॉनचे, पाठीला चेन लावलेले. भाची म्हणाली, “मावशी, तू शिवशील का?” मी म्हटलं, शिवते, पण मशीनला हात लावणार नाही. शिवणयंत्राचं होवसाहेबांचं पेटंट १८४६ सालचं. त्याआधीचा जगातला जवळजवळ प्रत्येक कपडा, राणीच्या झग्यापासून खलाशाच्या सदऱ्यापर्यंत, कुणाच्या तरी बोटांनी शिवलेला. मग एकदा बघू या तरी, काय लागतं ते!

सगळ्यात आत असते ती ‘शिफ्ट’. पांढऱ्या लिननचा, गुडघ्याखाली जाणारा सैल झगा. ती बेतताना मला आपल्या जुन्या अंगरख्याची आठवण झाली. सगळे तुकडे सरळ रेषेत कापायचे. खांद्यावर शिवण नाही, कापड दुमडून मध्ये गळा कापायचा. घेर हवा म्हणून बाजूंना तिरक्या कळ्या, आणि काखेत हात हलता राहावा म्हणून चौकोनी तुकडा. कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही, कारण तेव्हा कापड महाग आणि शिलाई स्वस्त. झग्याच्या किमतीत मोठा भाग कापडाचाच असे. दोरा मेणावरून ओढून घ्यायचा म्हणजे गुंतत नाही. इंचाला दहा-बारा टाके. शिवण घातली की ती दुमडून चपटी बसवायची, कच्ची कड कुठेच दिसता कामा नये. मी टेबलावर घड्याळ ठेवून शिवत होते. दहा वर्षांच्या मुलीची ती एक शिफ्ट पुरी व्हायला मला अठरा तास लागले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शिफ्टवर मोठ्या बायका ‘स्टेज’ घालत – देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या भरलेली, पाठीला दोरीनं आवळायची चोळी. छोटीसाठी मी नुसती जाड दुहेरी कापडाची चोळी केली. मग परकर, एकावर एक दोन-तीन. त्यांची गंमत अशी की नाडी एक नसते, दोन असतात. मागचा भाग पुढे बांधायचा, पुढचा मागे, आणि दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी फट. त्या फटीतून हात कुठे जातो? खिशात! खिसा कपड्याला शिवलेला नसतो, तो कमरेला नाडीनं बांधलेला वेगळा बटवा असतो. आपल्या आज्या कनवटीला पैसे लावत, त्यातलाच प्रकार. थंडीसाठी परकर दोन थरांचा, मध्ये लोकर भरून बारीक धावदोऱ्यानं नक्षी घातलेला. थोडक्यात काय, कमरेला बांधायची गोधडी! असे परकर लंडनहून तयार होऊन वसाहतींत विकायला यायचे.

वरचा झगा कोणत्या कापडाचा करावा, यावर घरात चर्चा झाली. जावई म्हणाले, “मावशी, इंग्रजांनी आपल्यालाही लुटलं. त्यांच्या मडमांचे कपडे आपण हौसेनं शिवायचे?” प्रश्न चुकीचा नव्हता. मी काही बोलले नाही, फुलांचं छापील सुती कापड आणून पुढ्यात टाकलं. इंग्रजीत अशा कापडाला ‘चिंट्झ’ म्हणतात, तो शब्द आपल्या ‘छीट’वरूनच गेलेला. मछलीपट्टणच्या बाजूला कलमानं रंगवलेली ही कापडं इंग्लंडमध्ये इतकी खपायला लागली की तिथल्या लोकर-रेशीमवाल्यांनी ओरड केली आणि १७२१ साली कायदाच झाला, की अशी सुती छिटं इंग्लंडात कुणी अंगावर घालायची नाहीत. तो १७७४ पर्यंत चालला. वसाहतींना मात्र बंदी नव्हती. म्हणजे लंडनच्या बाईला जे घालता येत नव्हतं ते व्हर्जिनियाची बाई मिरवत होती! शब्दांचा मागही पाहा. ‘कॅलिको’ कालिकतचा, ‘बंडाना’ बांधणीचा आणि ‘डंगरी’ तर आपल्या मुंबईच्या डोंगरीचा. जावयांनी कापड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, “मग शिवा.”

उरला अंगरखा, म्हणजे लाल बनातीचा टोपीवाला झगा. बनात हे कापड आता आपल्या दुकानांत फारसं दिसत नाही. लोकर विणून, ओली करून, इतकी बडवायची की ती आक्रसते, दाट होते, आणि कापली तरी धागा सुटत नाही. म्हणून जुन्या झग्यांच्या कडा दुमडलेल्याच नसतात, नुसत्या कापून सोडलेल्या. तुम्हाला करून पाहायचं असेल तर एक युक्ती सांगते. निखळ लोकरीचं जुनं ब्लँकेट गरम पाण्यात साबण घालून धुवा. एरवी जे लोकरीला कधी करू नये, ते इथे मुद्दाम करायचं. ब्लँकेट आटून जाड होतं, आणि झाली घरची बनात! पण लोकर निखळ हवी, मिश्र धाग्याची आटत नाही. अर्धवर्तुळ कापून गळ्याला बारीक चुण्या, आणि टोपीच्या मागे पंख्यासारख्या प्लीट. आपला धनगर पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो, तीच कल्पना; फक्त शिवलेली आणि लाल.

आम्ही पोचलो त्या रात्री बर्फ पडला. विल्यम्सबर्ग समुद्राजवळ, तिथे बर्फ रोजचा नाही. हिवाळ्यात एखाद-दोन वेळा येतो. त्यामुळे सकाळी गावातल्या माणसांनाही नवल वाटत होतं. चारेक इंच पडला असेल. विटांच्या भिंती, पांढरी कुंपणं, वर धुराड्यांतून निघणारा लाकडाचा धूर आणि रस्त्यावर एकही टायरची खूण नाही. ब्रूटन चर्चची घंटा वाजली तेव्हा तर मी दोन मिनिटं उभीच राहिले. हे चर्च १७१५ सालचं, आजही दर रविवारी तिथे प्रार्थना होते. काही दुकानं उशिरा उघडली, गर्दी नव्हती. जायचं तर असंच जावं. उन्हाळ्यात तिथे रांगेत उभं राहून घाम पुसावा लागतो म्हणे.

साडी नेसून बर्फात जाऊ नका, हे मी मनापासून सांगते. निऱ्यांच्या खालच्या कडेला बर्फ चिकटतो, वितळतो आणि पाण्यानं जड झालेली साडी पायांत येते. मी आत लोकरीचे पायमोजे, सलवार आणि उंच बूट घातले होते. त्या काळच्या बायका आपल्यापेक्षा शहाण्या. त्यांचे परकर घोट्याच्या वर, आणि बुटांखाली ‘पॅटन’ – लोखंडी कडं बसवलेली लाकडी पट्टी, म्हणजे पाऊल चिखल-बर्फापासून दोन बोटं वर राहतं.

मार्गारेट हंटरचं दुकान हे त्या रस्त्यावरचं माझं तीर्थक्षेत्र! ही बाई मूळची लंडनची, १७६०च्या दशकात बहिणीच्या मागोमाग इथे आली आणि टोप्या, लेस, झालरी, झगे यांचा धंदा केला. आज तिथे तीन-चार मुली खिडकीशी बसून हातानं शिवत असतात. खिडकीशीच, कारण उजेड तिथेच. त्यांच्याकडे कागदी बेत नसतात. झगा गिऱ्हाइकाच्या अंगावरच कापड टाचून कापतात आणि पुढून टाचण्यांनीच बंद करतात. बटणं नाहीत, हूक नाहीत. (पदराला पिन लावणाऱ्या आपण, आपल्याला त्याचं काय नवल!) चार जणी मिळून बसल्या तर एका दिवसात झगा पुरा होतो, असं त्या म्हणाल्या. छोटीच्या झग्याची शिवण उलटून पाहिली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. पस्तीस वर्षं क्लास चालवला, पण ती मान हलणं मला अजून आठवतं.

तिथेच मला १७६९ च्या डिसेंबरची गोष्ट कळली. विलायती मालावर बहिष्कार घालायचा ठराव झाला होता. त्यानंतर गव्हर्नरच्या मानार्थ जो नाच झाला, त्याला शंभराच्या आसपास बायका हातकताईच्या साध्या कापडाचे झगे घालून आल्या. गावातल्या वर्तमानपत्रानं त्याचं कौतुक छापलं. आपल्याकडे १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, त्याच्या १३६ वर्षं आधीची ही गोष्ट. ऐकून मला भरून आलं. आणि लगेच मनात आलं, हे सूत कातलं कुणी?

कारण त्या काळी विल्यम्सबर्गमधली निम्म्याहून जास्त माणसं काळी होती, आणि त्यांतली बहुतेक गुलाम. रस्त्यावरून हिंडताना हे सहज विसरायला होतं. पांढरी कुंपणं फार सुंदर दिसतात हो! म्हणून म्हणते, ब्रे स्कूल चुकवू नका. १७६० ते १७७४ या काळात काळ्या मुलामुलींसाठी चालवलेली ही शाळा. सुरुवातीची काही वर्षं ती ज्या घरात भरत होती ते घर हरवलंच होतं. जवळच्या कॉलेजच्या आवारात ते सापडलं, लाकडाच्या कड्यांवरून त्याचं वय ठरवलं, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत अख्खं घर गाडीवर चढवून रस्त्यानं जुन्या गावात आणलं. शिक्षिका एकच, अ‍ॅन वेजर नावाच्या विधवा बाई. वाचन, धर्माचे धडे, आणि मुलींना शिवण-विणकाम. शाळा चालवणाऱ्यांचा हेतू मुलांनी सुटावं असा नव्हता, धर्म शिकून निमूट राहावं असा होता. पण एकदा अक्षर आलं की ते कुणाच्या सांगण्यावरून थांबतं थोडंच!

छोटी तिथे बर्फात उभी राहून बराच वेळ घराकडे पाहत होती. मग म्हणाली, “मावशीआजी, तेव्हा मी यांच्यातली कोण असते?” मी म्हटलं, “कुणीच नाही. तेव्हा आपल्याकडे थोरल्या माधवरावांची पेशवाई होती. तू तिकडे परकर-पोलक्यात सागरगोटे खेळत असतीस.” तिनं डोक्यावरची लाल टोपी मागे सारली. “पण हा झगा इथलाच ना? मग तो तेव्हा कुणी शिवला असता?”

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर मिळालं. मधल्या गावांविषयी फार लिहीत नाही. यॉर्कटाऊन तिथून बारा-तेरा मैल. तिथे १७८१ साली शरण आलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर-जनरल होऊन आपल्याकडे आला आणि शेवटी गाझीपूरला मेला, एवढं सांगून पुढे जाते.

वॉशिंग्टनचं घर माउंट व्हर्नन पोटोमॅक नदीच्या काठी आहे. बायकांनी अभिमान बाळगावा अशी एक गोष्ट इथली: हे घर पडायला आलं होतं तेव्हा अ‍ॅन पामेला कनिंगहॅम या बाईंनी बायकांचीच संस्था काढून वर्गणी गोळा केली आणि दोन लाख डॉलरला ते विकत घेतलं. करार १८५८ सालचा. आजही घर त्याच संस्थेकडे आहे. नदीवर बर्फाचे पापुद्रे तरंगत होते, गवत पांढरं, वाऱ्यानं कान दुखत होते. वाड्यापासून जरा दूर, काचघराच्या बाजूला, गुलाम बायकांची खोली पुन्हा बांधून दाखवली आहे. भिंतीला लाकडी फळ्यांच्या बाकड्या, एक चूल, आणि खुंट्यांवर ‘ओस्नाबर्ग’चे कपडे. ओस्नाबर्ग म्हणजे आपल्या मांजरपाटासारखं, पण लिननचं जाडंभरडं कापड. बुकर वॉशिंग्टन हे पुढच्या शतकात व्हर्जिनियातच गुलामगिरीत जन्मले. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय, की अशा नव्या सदऱ्याचे कण अंगाला टाचण्यांसारखे टोचत, म्हणून थोरला भाऊ तो सदरा आधी आपल्या अंगावर घालून मऊ करून देई. आणि पांघरूण? जेफर्सनसाहेबांच्या मॉन्टिचेलोला ब्लँकेट मिळे ते तीन वर्षांतून एकदा. त्याच जेफर्सनांनी १७७२ च्या जानेवारीत तीन फूट बर्फ पडल्याचं टिपून ठेवलं आहे.

कॅरोलाइन ब्रॅनहॅम या माउंट व्हर्ननच्या घरातल्या मोलकरीण आणि शिवणारीण. १७९२ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन फिलाडेल्फियाला होते. तिथून त्यांनी शेतीच्या कारभाऱ्याला पत्र लिहिलं, की शिवणाऱ्या बायका आठवड्याला सहाच सदरे करताहेत, आणि आजारी नसताना कॅरोलाइननं गेल्या आठवड्यात पाचच केले. मार्थाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे नेहमीचं काम नऊ सदऱ्यांचं, खांद्याच्या पट्ट्यांसकट आणि चांगल्या शिलाईचं. तेव्हा ते सरळपणे नाहीतर जबरदस्तीनं, पण झालंच पाहिजे.

मी तो मजकूर दोनदा वाचून घेतला. मग कोटाच्या खिशातली पेन्सिल काढून तिथल्या माहितीपत्रकाच्या मागे गणित मांडलं. माझ्या वेगानं नऊ सदरे म्हणजे १६२ तास; आठवड्यात तासच १६८. बरं, कॅरोलाइनचा हात माझ्याहून दुप्पट चालायचा असं धरू. तरी ८१ तास. रविवार सोडला तर दिवसाला साडेतेरा. व्हर्जिनियात डिसेंबरअखेर दिवस साडेनऊ तासांचा. उरलेले चार तास मेणबत्ती नाहीतर चुलीच्या उजेडात, आणि थंडीत बधिरलेल्या बोटांनी. त्यात घरकाम वेगळं, आणि पदरात लेकरं होतीच. सहा सदऱ्यांना कमी म्हणणाऱ्यांनी एकदा तरी काखेतला चौकोन लावून पाहायला हवा होता!

वॉशिंग्टन वारले त्या रात्री, १७९९ च्या डिसेंबरात, ही कॅरोलाइन त्याच खोलीत उभी होती. मृत्युपत्रात त्यांनी आपले गुलाम मुक्त करायचं लिहिलं. पण कॅरोलाइन ‘त्यांची’ नव्हती. ती मार्थाबाईंच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली. म्हणून तिला ते लागू झालं नाही. त्या साली मळ्यावर ३१७ गुलाम होते.

छोटीनं माझ्या हातातला कागद घेतला. “यात काजं धरलीस का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही. “मग ती धर,” ती म्हणाली. गळ्याला एक, मनगटांना दोन. एका काजाला मला वीस मिनिटं लागतात. नऊ सदऱ्यांचे आणखी नऊ तास.

गाडीत ती गप्प होती. घरी पोचल्यावर लाल झगा खुंटीला लावला आणि माझ्या डब्यातून सुई, मेण आणि दुसऱ्या खिशासाठी कापून ठेवलेलं लिनन काढून खिडकीशी बसली. समोर घड्याळ. वीतभर शिवण व्हायला तिला पस्तीस मिनिटं लागली. मी तिला माझं अंगुस्तान दिलं. ते तिच्या बोटाला मोठं होतं, म्हणून आत कापसाचा बोळा घातला.